चिठ्ठी डब्यात परत टाकली का?

भिशीची चिठ्ठी आपण सगळ्यांनीच उघडलेली आहे. दहा जणी, महिन्याला पाचशे, डब्यात दहा चिठ्ठ्या. कुणाचं नाव निघेल हे काढणारीलाही ठाऊक नसतं आणि कुठल्याच चिठ्ठीला झुकतं माप नसतं. अशा निवडीला पुस्तकात ‘यादृच्छिक’ म्हणतात. शब्द अवघड, गोष्ट ओळखीची. नाव आधी सांगता येत नाही, पण प्रत्येकीची शक्यता मोजता येते: दहात एक. या मोजलेल्या शक्यतेलाच संभाव्यता म्हणतात.

त्यासाठी कागद सारखा हवा, घडी सारखी हवी, डबा नीट हलवायला हवा. जाड घडी बोटांना कळते.

मोठे निकालही असे लागतात. मुंबई महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये अतुल शाह आणि सुरेंद्र बागलकर यांना सारखीच मतं पडली. मग चिठ्ठी काढली, शाह निवडून आले.

आता खरा घोळ सांगते. भिशीत जिचं नाव निघालं तिची चिठ्ठी आपण बाजूला ठेवतो. म्हणून पुढच्या महिन्यात नऊत एक, मग आठात एक. थांबलेलीची शक्यता वाढत जाते, शेवटच्या महिन्यात तर पैसे तिचेच. हा हिशोब अंगात इतका मुरतो की आपण तो बाळंतपणालाही लावतो. ‘तीन मुली झाल्या, आता मुलगाच होणार,’ म्हणून चौथ्या खेपेला तयार केलेल्या सुना आपल्या गटांतही आहेत. पण तिथे चिठ्ठी बाजूला पडलेली नसते. दर वेळी डबा नव्याने भरतो, एक मुलाची, एक मुलीची. आधी काय निघालं हे डब्याला आठवत नाही. चौथ्या वेळीही शक्यता साधारण निम्मी-निम्मीच. आणि ती चिठ्ठी येते बापाकडून: त्याच्याकडून एक्स गुणसूत्र आलं तर मुलगी, वाय आलं तर मुलगा. आईकडून दर वेळी एक्सच येतं.

तीन मुली लागोपाठ होणं विपरीतही नाही. नाणं तीनदा उडवलं तर छापा-काट्याच्या आठ तऱ्हा होतात, त्यातल्या एकीत तिन्ही वेळा काटा. म्हणजे तीन लेकरांच्या आठ घरांमागे साधारण एका घरी तिन्ही मुली, एका घरी तिन्ही मुलगे. मुलग्यांच्या घरी मात्र सुनेला कुणी जाब विचारत नाही!

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने नाणं वीस वेळा उडवून निकाल ओळीने वहीत लिहून आणा. लागोपाठ तीन काटे बऱ्याच जणींच्या वहीत सापडतील.