रुग्णाचा आहार – लेखांक ६ : आधी बी-१, मग ग्लुकोज

शिरेतून संपूर्ण आहार देण्याच्या पिशवीला बहुधा तीन कप्पे असतात. एकात ग्लुकोज, दुसऱ्यात अमिनो आम्ले, तिसऱ्यात स्निग्ध पदार्थ. पिशवी दाबून मधले पडदे फोडले की सगळे मिसळून दुधासारखे पांढरे होते आणि पाहणाऱ्याला वाटते, यात सगळे आले. जीवनसत्त्वे मात्र त्यात नसतात. उजेडाने आणि हवेने ती खराब होतात, म्हणून पिशवी लावताना ती सुईने वेगळी घालावी लागतात. ती वेगळी लिहून द्यावी लागतात, आणि म्हणूनच राहूनही जातात. माझे म्हणणे असे की कुपोषित रुग्णाच्या बाबतीत निदान एक जीवनसत्त्व, बी-१ म्हणजे थायमिन, ग्लुकोजच्या आधी शरीरात गेलेच पाहिजे.

शरीरात थायमिनचा साठा असतो जेमतेम ३० मिलिग्रॅम. आहारातून ते मिळाले नाही, तर दोन-तीन आठवड्यांत तो संपतो. आठवडेच्या आठवडे उलट्या होत असलेल्या, दारूच्या आहारी गेलेल्या किंवा कर्करोगाने खंगलेल्या माणसाकडे तो आधीच संपत आलेला असतो. ग्लुकोज पूर्ण जाळायला थायमिन लागते. ते नसेल तर लॅक्टिक आम्ल साचते, रक्त आम्लधर्मी होते, हृदय आणि मेंदू कोलमडतात. म्हणजे उपाशी देहाला दिलेले अन्नच त्याच्यावर उलटते. १९८८ मध्ये अमेरिकेत शिरेतून देण्याच्या जीवनसत्त्वांचा तुटवडा पडला आणि असा आहार घेणारे तीन रुग्ण याच कारणाने दगावले. १९९६च्या अखेरीस पुन्हा तुटवडा झाला, पुन्हा तसेच रुग्ण आढळले. अशा वेळी सोडा-बायकार्ब देऊन भागत नाही, थायमिनच द्यावे लागते. पुढे २००० मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने प्रौढांना शिरेतून देण्याच्या जीवनसत्त्वांच्या रोजच्या मात्रेतले थायमिन ३ वरून ६ मिलिग्रॅम केले. पण ही मात्रा रोजची गरज भागवण्यापुरती. रिकामा साठा तिने भरत नाही. दीर्घ उपासानंतर आहार सुरू होणाऱ्या, धोक्यातल्या रुग्णांसाठी ब्रिटनच्या ‘नाइस’ या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या संस्थेने २००६ मध्ये आहाराआधी आणि पहिले दहा दिवस रोज २०० ते ३०० मिलिग्रॅम सुचवले, ते यासाठीच.

‘ताकदीचे सलाईन’ हा प्रकार आपल्याकडे बोकाळलेला असताना आणखी जीवनसत्त्वे कशाला, हा आक्षेप मला रास्त वाटतो. सेप्सिसच्या, म्हणजे जंतुसंसर्गाने अवयव निकामी होऊ लागलेल्या, रुग्णांना क जीवनसत्त्व भरमसाट दिल्यावर मृत्यू किंवा अवयव निकामी राहण्याचे प्रमाण वाढल्याचे २०२२च्या ‘लोव्हिट’ चाचणीत दिसलेच. पण तिथे औषध म्हणून मोठी मात्रा दिली होती. इथे उणीव भरून काढायची आहे. आधी रक्ततपासणी करावी, असेही काही जण म्हणतात. थायमिनच्या तपासणीचा निकाल यायला अनेकदा काही दिवस लागतात, ग्लुकोज मात्र आजच सुरू होते. जास्तीचे थायमिन लघवीवाटे निघून जाते आणि त्याची गंभीर ॲलर्जी क्वचितच येते. वाट पाहण्यातला धोका त्याहून कितीतरी मोठा आहे.

तुमच्या घरचे कोणी बरेच दिवस उपाशी राहून रुग्णालयात दाखल झाले असेल, तर पहिली पिशवी लागण्याआधी डॉक्टरांना निःसंकोच विचारा : बी-१ दिले का?