कायद्याचे ओझे आणि माथाडीची पाठ

तुर्भ्याच्या घाऊक बाजारात गव्हाची एक गोणी मालमोटारीतून उतरते, तेव्हा तिच्यावर किती कायद्यांची नजर असते, याचा विचार त्या गव्हाची पोळी खाणारा नागरिक क्वचितच करतो. ती कोठे व कोणत्या परवान्यावर विकली जावी, हे कृषी उत्पन्न बाजार समित्यांचा १९६३ चा राज्य कायदा सांगतो. तिच्यातील धान्य खाण्यास योग्य आहे की नाही, हे अन्नसुरक्षेचा २००६ चा कायदा पाहतो. तिचे माप खरे की खोटे, हे वजनमापांचा २००९ चा कायदा ठरवितो. तिच्यावर कर लागावा की नाही, हे २०१७ पासून वस्तू व सेवा कराची परिषद सुचविते. आणि ती ज्याने आपल्या पाठीवरून उतरविली त्याला मजुरी कोणी, कशी व कोणामार्फत द्यावी, हे माथाडी कामगारांचा १९६९ चा कायदा सांगतो. गोणी एकच; पण तिचे मालक जितके नाहीत तितके तिचे कायदे आहेत.

कायदे अनेक असावेत, याविषयी आमची तक्रार नाही. समाजाचे व्यवहार जसजसे गुंतागुंतीचे होतात तसतसे त्यांचे नियमही वाढणारच. तक्रार आहे ती ही की, हे कायदे एकमेकांशी बोलत नाहीत. १८ जुलै २०२२ पासून बांधीव व नाममुद्रित धान्यावर पाच टक्के कर आला, तेव्हा त्याची मर्यादा पंचवीस किलोंवर ठेवण्यात आली. पंचवीस किलोंपर्यंतची पिशवी करपात्र आणि त्याहून जड गोणी करमुक्त, असा तो हिशेब होता. दुसरीकडे, पन्नास किलोंहून जड गोणी आम्ही उचलणार नाही, अशी मागणी वाशीच्या कांदा-बटाटा बाजारातील माथाडींनी वारंवार केली आहे. तीस किलोंची गोणी या दोन्ही आकड्यांत बसते, हे खरे. म्हणून येथे उघड विरोध नाही. परंतु पहिला आकडा तिजोरीकडे पाहून ठरला, दुसरा माणसाच्या मणक्याकडे पाहून मागण्यात आला, आणि करापासून सुटण्यासाठी गोणी जड करणे फायद्याचे होईल हा विचार पहिला आकडा ठरविताना कोणी केला असेल, असे दिसत नाही. आज व्यापारउदीमाविषयी जे नवे नियम येत आहेत, त्या सर्वांना हीच कसोटी लावून पाहणे आवश्यक झाले आहे.

नवी मुंबईकरांना तर हा विषय अगदी घरचा आहे. मुंबईतील मशीद बंदर, भायखळा, क्रॉफर्ड मार्केट या भागांतील घाऊक व्यापार खाडीपलीकडे नेण्याचे धोरण ठरले, आणि १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने आखलेल्या या नगरात ते आकारास आले. १९८० च्या दशकाच्या आरंभी कांदा-बटाट्याचा बाजार आला. पुढे धान्य व मसाला, आणि १९९० च्या दशकात भाजीपाला व फळे आली. व्यापाऱ्यांबरोबर मालमोटारी आल्या, आणि त्यांच्या मागोमाग सातारा, सांगली, पुणे या जिल्ह्यांच्या डोंगरखोऱ्यांतून मुंबईत आलेला माथाडीही आला. कोपरखैरणे व घणसोली येथील माथाडी वसाहती ही या स्थलांतराची जितीजागती साक्ष होय.

माथ्यावर ओझे वाहतो तो माथाडी. १९६९ पूर्वी या माणसाला कायद्याच्या दृष्टीने मालकच नव्हता. सकाळी एका पेढीचा माल, दुपारी दुसरीचा, संध्याकाळी तिसरीचा. मग याच्या म्हातारपणाची, आजारपणाची, रजेची जबाबदारी कोणाची? प्रत्येक व्यापारी म्हणे, ‘हा माझा नोकर नव्हे,’ आणि प्रत्येकाचे म्हणणे शब्दशः खरेच होते. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली माथाडींनी केलेल्या लढ्याचे फळ म्हणून जो कायदा झाला, त्याने या कोड्याचे उत्तर मोठ्या कल्पकतेने दिले. नोंदलेल्या मालकाने मजुरी व तिच्यावरील ठराविक टक्क्यांची लेव्ही मंडळाकडे भरावी, मंडळाने टोळीतील प्रत्येक कामगाराला वेतन द्यावे, आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, रजा व औषधोपचार यांची सोय करावी. किराणा, भाजीपाला, लोखंड व पोलाद, कापड, मालवाहतूक अशा भिन्नभिन्न धंद्यांना ही एकच पद्धत लागू झाली. मालक अनेक असले तरी हक्क एक, हे तिचे सूत्र. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने केलेल्या उत्तम कामांत या कायद्याची गणना करावयास हरकत नाही.

यानंतर बाजाराच्या भिंती खिळखिळ्या होऊ लागल्या. २००६ च्या सुमारास थेट खरेदीचे परवाने देण्याची वाट मोकळी झाली. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरविले. त्यावर वाशीच्या बाजारात व्यापाऱ्यांनी व्यवहार बंद ठेवले. २०२० मध्ये केंद्राने तीन कृषी कायदे करून आवाराबाहेरील व्यापार बाजारशुल्कातून मोकळा केला. १२ जानेवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या अंमलबजावणीस स्थगिती दिली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात संसदेने ते रद्द केले. पाच वर्षांत एकाच बाजाराने नियमन, नियमनमुक्ती, नवा कायदा, स्थगिती आणि माघार हे सारे पाहिले. पेढी चालवावयाची तर पुढल्या वर्षी नियम काय असेल याचा अंदाज हवा. तो ज्याला नाही, त्याने गाळ्यात भांडवल घालावे तरी कोणत्या भरवशावर?

शेतकऱ्याला आपला माल हवा तेथे विकता यावा, हे तत्त्व आम्हास सर्वस्वी मान्य आहे. आडत्यांच्या मक्तेदारीने नाशिक-जुन्नरच्या शेतकऱ्याचे किती नुकसान केले, हे कोणी नव्याने सांगावयास नको. परंतु भिंत पाडावयाची तर तिच्यावर कोणाचे छप्पर टेकले आहे, हे आधी पाहावयास नको काय? माथाडी कायदा काही बाजाराच्या आवारापुरता केलेला नाही. तो धंद्याला लागू आहे. तथापि आवारात पेढ्या नोंदलेल्या, टोळ्या नोंदलेल्या, हिशेब एका जागी. म्हणून तेथे लेव्ही वसूल होते. तोच माल आवार टाळून परस्पर महामार्गावरील गुदामात उतरला, की कामगार कंत्राटदाराचा, आणि कंत्राटदार आज आहे तर उद्या नाही. आवारातील प्रामाणिक व्यापाऱ्याला शुल्क व लेव्ही भरून अशा गुदामाशी स्पर्धा करावी लागते. हा न्याय त्यालाही नाही आणि हमालालाही नाही.

या पार्श्वभूमीवर २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात लागू झालेल्या चार कामगार संहितांकडे पाहिले पाहिजे. एकोणतीस केंद्रीय कायद्यांची जागा या चौघींनी घेतली. त्यांतील सामाजिक सुरक्षा संहितेने मोबाइलवर मागणी येताच घरपोच माल नेणाऱ्या तरुणांची प्रथमच कायद्यात दखल घेतली. त्यांच्या कल्याणासाठी कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के, परंतु त्या कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांहून अधिक नाही, इतकी वर्गणी द्यावी, अशी ही तरतूद आहे. ज्यांनी माथाडी कायदा वाचला आहे त्यांना या कल्पनेत जुनी ओळख पटेल. वाशीत संध्याकाळी दाराशी भाजीची पिशवी ठेवून जाणारा मुलगा आज या कंपनीचा, उद्या त्या कंपनीचा माल नेतो, आणि प्रत्येक कंपनी म्हणते, ‘हा आमचा नोकर नव्हे.’ जो प्रश्न मशीद बंदरच्या धक्क्यावर उभा होता, तोच दुचाकीवर बसून आपल्या सोसायटीच्या फाटकाशी आला आहे. मात्र महाराष्ट्राने मजुरीवर लेव्ही बसविली आणि वेतन देण्याचे कामही मंडळाकडे सोपविले. संहितेची तरतूद त्या मानाने फारच तोकडी आहे.

माथाडी कायद्याच्या नावाने चाललेल्या गैरप्रकारांकडे डोळेझाक करावी, असे मात्र कोणी समजू नये. खोट्या संघटनांच्या आडून औद्योगिक वसाहतींत खंडणी मागितली जाते, काम न करता हमालीचे पैसे उकळले जातात, अशी उद्योजकांची जुनी तक्रार आहे, आणि ती निराधार म्हणून झटकून टाकता येणार नाही. हेच कारण पुढे करून २०२३ मध्ये सरकारने दुरुस्तीचे विधेयक विधिमंडळात आणले. त्याविरुद्ध त्या वर्षी डिसेंबरात माथाडींनी संप पुकारला. खंडणी हा गुन्हा आहे आणि त्यासाठी फौजदारी कायदा समर्थ आहे. खंडणीखोराला पकडण्याचे धैर्य नाही म्हणून कामगाराच्या कायद्याचीच व्याप्ती आकसावयाची, हा चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा प्रकार होईल.

मग करावयाचे काय? आमच्या मते तीन गोष्टी तातडीच्या आहेत. व्यापाराविषयी कोणताही नियम बदलताना, त्या नियमावर दुसरे कोणते कायदे आणि कोणती माणसे अवलंबून आहेत, याचे टिपण सरकारने विधेयकासोबतच प्रसिद्ध करावे. बाजाराच्या आवारात व आवाराबाहेर, तुर्भ्याच्या गाळ्यात व पनवेल-उरणच्या गुदामात, हमालीचे नियम सारखेच लागू व्हावेत आणि ते सारख्याच कसोशीने पाळले जावेत. आणि माथाडी मंडळांनी आपली नोंदणी, लेव्हीचा हिशेब व कामगारांची यादी सर्वांस पाहता येईल अशी खुली ठेवावी, म्हणजे खऱ्या कामगाराचे रक्षण होईल आणि खोट्याला लपावयास जागा उरणार नाही.

व्यापार सुलभ व्हावा, असे सरकार म्हणते. अवश्य व्हावा. परवान्यांचे जंजाळ कमी होत असेल तर कोणाला नको आहे? पण एका कागदावरून उतरविलेले ओझे नाहीसे झाले, असे समजण्याची घाई कोणी करू नये. ओझे नाहीसे होत नाही. ते एका पाठीवरून दुसऱ्या पाठीवर जाते. कायदा करणाऱ्याने एवढेच पाहावे की, ज्या पाठीवर ते जाणार आहे, ती आधीच वाकलेली नाही ना.