‘इंडिस्ट्रक्टिबल’ : अर्थ व उपयोग

‘इंडिस्ट्रक्टिबल’ या इंग्रजी विशेषणाचा अर्थ ‘अविनाशी’ असा आहे. तेवढा सांगून शिक्षकांनी थांबू नये. शब्दाची फोड करून दाखवावी. ‘इन्’ हा नकारदर्शक उपसर्ग, ‘डिस्ट्रक्ट’ म्हणजे रचलेले पाडणे, आणि ‘इबल’ हा शक्यता दाखविणारा प्रत्यय होय. ‘स्ट्रक्चर’ म्हणजे रचना, हा शब्दही त्याच लॅटिन धातूपासून झाला आहे. तात्पर्य, ज्याचा नाश होणे शक्यच नाही, ते ‘इंडिस्ट्रक्टिबल’.

सारे मर्म ‘शक्यच नाही’ या शब्दांत आहे. आजवर टिकलेली वस्तू आणि कधीही नष्ट न होणारी वस्तू यांतील भेद मुलांच्या मनावर ठसविण्यास पन्हाळगडाचे उदाहरण उत्तम होय. १६६० साली सिद्दी जौहरच्या वेढ्यात हा गड कित्येक महिने झुंजला. १६७३ साली कोंडाजी फर्जंद यांनी मूठभर मावळ्यांनिशी रात्री छापा घालून तो घेतला. अर्थात गड बळकट खरा, पण अजिंक्य नव्हे. पुढे १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावात इंग्रजांनी तो जिंकला आणि चार दरवाजा पाडून टाकला. तीन दरवाजा व अंबारखाना मात्र आजही उभे आहेत. म्हणून गडास ‘स्ट्राँग’ म्हणावे, ‘इंडिस्ट्रक्टिबल’ म्हणू नये.

मग हे विशेषण यथार्थपणे कोठे लागते? लाकूड जळाले की ते नाहीसे झाले, असे मुलांस वाटते. परंतु राख, धूर व वायू यांचे एकत्र वजन हे लाकूड आणि ज्वलनात खर्चलेला प्राणवायू यांच्या वजनाइतकेच भरते. फ्रेंच शास्त्रज्ञ लाव्हाझिए याने १७८९ च्या आपल्या ग्रंथात हे तत्त्व मांडले. लाकडाचा नाश झाला, द्रव्याचा झाला नाही. रासायनिक क्रियेपुरते द्रव्य ‘इंडिस्ट्रक्टिबल’ आहे.

शब्दाच्या या काटेकोरपणास व्यवहारातही मोल आहे. गड अविनाशी आहे असे ज्या मुलाने मानले, त्यास तटाचा दगड उपसताना किंवा भिंतीवर नाव कोरताना काहीच वाटणार नाही. २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदलेल्या मराठ्यांच्या बारा दुर्गांत पन्हाळ्याचा समावेश झाला. जे नष्ट होऊ शकते, त्याचेच जतन करावे लागते.

पाठाच्या शेवटी मडके, पूल, द्रव्य व किल्ला ही नावे फळ्यावर लिहावीत. हे विशेषण कोणास लागते व कोणास लागत नाही, हे मुलांकडून कारणांसह वदवून घ्यावे.