घोट्याचे हाड मोडल्यास

पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवरून पाय निसटतो, घोटा आत वळतो आणि पाहता पाहता सुजतो. अशा वेळी घरातील वडीलधाऱ्यांचा सल्ला ठरलेला असतो : ‘बोटे हलतात ना? मग हाड मोडलेले नाही. तेल लावून चोळा.’ हा समज चुकीचा आहे. बोटे हलविणारे स्नायू पोटरीत व पावलात असतात. घोट्याचे हाड मोडले तरी ते आपले काम करू शकतात. उलट चोळण्याने जागेवर असलेले तुकडे सरकण्याचा धोका असतो.

मग एक्स-रे केव्हा काढावा? कॅनडातील ऑटावा येथील डॉक्टरांनी १९९२ साली यासाठी सोपे नियम मांडले. घोट्याच्या आतील वा बाहेरील उंचवट्याच्या टोकावर, किंवा तेथून वर सहा सेंटीमीटरपर्यंत मागच्या कडेला दाबल्यावर हाड दुखत असेल, अथवा दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे हवाच. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना मंदावली आहे, त्यांनी मात्र या नियमांवर विसंबू नये. हाड मोडूनही त्यांना फारसे दुखत नाही. पाऊल वाकडे दिसत असेल, मोडलेल्या जागी जखम असेल किंवा बोटे थंड, निळसर पडली असतील, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

नडगीचे जाड हाड आणि त्याच्या शेजारचे बारीक हाड यांनी बनलेल्या खोबणीत पावलाचे वरचे हाड नेमके बसलेले असते. ते केवळ एक मिलिमीटर बाहेर सरकले तरी सांध्यातील हाडांचा परस्परस्पर्श सरासरी ४२ टक्क्यांनी घटतो, असे १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसून आले. वाकडा जुळलेला घोटा पुढे झिजतो, तो यामुळेच. संत इग्नेशियस लोयोला यांचा पाय १५२१ साली पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने मोडला. हाड नीट न बसल्याने ते पुन्हा मोडून बसवावे लागले, तेही भूल न देता. तरीही ते आयुष्यभर किंचित लंगडत चालले. त्यांची दुखापत घोट्याच्या वरची होती, पण हाड वाकडे जुळले की काय होते, ते यावरून कळावे.

तुकडे जागेवर आणि सांधा स्थिर असेल, तर प्लास्टर किंवा आधाराचा बूट सुमारे सहा आठवडे पुरतो. तुकडे सरकले असतील, तर बहुधा शस्त्रक्रिया करून पट्टी व स्क्रू बसवितात. सूज फार असल्यास ती उतरेपर्यंत डॉक्टर काही दिवस थांबतात. तो हलगर्जीपणा नव्हे, सुजलेल्या त्वचेवरील जखम नीट भरत नाही.

घरी आल्यावर पाय हृदयाच्या पातळीहून उंच ठेवावा. प्लास्टरमध्ये वेदना वाढत गेली, बोटे बधिर झाली, पोटरी दुखू लागली किंवा धाप लागली, तर सकाळची वाट पाहू नये. तंबाखू व धूम्रपानाने हाड जुळण्यास विलंब होतो, हेही सांगितलेले बरे.

प्लास्टर निघाले म्हणजे पाय बरा झाला, असे नव्हे. घोटा आखडलेला, पोटरी बारीक झालेली असते. व्यायामोपचाराविना तो पूर्ववत होणे कठीण. संध्याकाळची सूज कित्येक महिने राहते. या काळात रविवारची मिस्सा चुकते म्हणून अनेक ज्येष्ठांच्या मनाला टोचणी लागते आणि ते कुबड्यांवर मंदिराच्या पायऱ्या चढू पाहतात. ख्रिस्तसभेच्या धर्मशिकवणीनुसार (क्र. २१८१) आजारपण हे मिस्साला न जाण्याचे रास्त कारण आहे. धर्मगुरूंना कळविल्यास पवित्र ख्रिस्तशरीर घरी आणून दिले जाते. पुढे मिस्साला जाऊ लागल्यावर गुडघे टेकण्याची घाई नको. त्या स्थितीत घोटा पूर्ण ताणला जातो, आणि मिस्साविधीचे नियम (क्र. ४३) प्रकृतीच्या कारणास्तव सवलत देतात. उजव्या घोट्याची शस्त्रक्रिया झालेल्यांचा ब्रेक दाबण्याचा वेग पूर्ववत होण्यास सुमारे नऊ आठवडे लागतात. तोवर मोटार दुसऱ्या कोणाच्या हाती द्यावी.