चाड : मोठ्या पाण्याचा कोरडा देश

मुलांनो, वर्गातला आफ्रिकेचा नकाशा काढा. मध्यावरून बोट थोडं वर न्या. लिबियाच्या खाली, सुदानच्या डाव्या हाताला जो देश सापडेल, तो चाड. ‘त्याला कशाची चाड नाही’ असं आपण म्हणतो, ती चाड वेगळी बरं का! तिकडच्या बोलीत या शब्दाचा अर्थ मोठा पाणसाठा असा आहे. सरोवराचं नाव देशाला मिळालं.

हा देश ११ ऑगस्ट १९६० रोजी फ्रान्सच्या ताब्यातून स्वतंत्र झाला. राजधानी एन्जामेना. क्षेत्रफळ १२,८४,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपले चार महाराष्ट्र सहज मावतील. लोक मात्र सुमारे दोन कोटीच, कारण उत्तरेला सगळे सहारा वाळवंट. तिथला एमी कूसी हा विझलेला ज्वालामुखी आपल्या कळसूबाईच्या दुप्पट उंच आहे. दक्षिणेला पाऊस पडतो, नद्या वाहतात. समुद्र कुठेच नाही. परदेशी माल शेजारच्या कॅमेरूनमधील दुआला बंदरात उतरतो आणि तिथून शेकडो कोस ट्रकने येतो.

आता सरोवराकडे वळू. शारी व लोगोन या नद्यांचे पाणी त्यात येते. बाहेर एकही नदी जात नाही. असं असलं की पाणी खारट होतं, पण हे गोडं आहे! क्षार पाण्याबरोबर जमिनीत मुरून जातात. १९६०च्या दशकात सरोवर सुमारे २५,००० चौरस किलोमीटर होते. आपले पुणे व सातारा जिल्हे एकत्र केले तर जवळजवळ तेवढे. पण खोली फार कमी. थाळीतलं पाणीच म्हणा ना! पाऊस थोडा हटला की काठ मैलोगणती मागे सरतो.

आणि तसंच झालं. तुमच्या आजी-आजोबांना बाहत्तरचा दुष्काळ विचारा. त्याच सुमारास तिकडेही पावसाने डोळे वटारले, १९८३-८४ साली पुन्हा. सरोवर दहाव्या हिश्शावर आले. होड्या चिखलात रुतल्या, गुरं मेली, कोळी बांधवांनी हातात खुरपी घेतली. सरोवर आता संपलेच, असं पुष्कळ जण लिहितात. ते पुरते खरे नाही. १९९० नंतर पाणी बरंच परतलं. २०२२ साली तर राजधानीतच पूर आला आणि हजारो घरं पाण्यात गेली. पाणी यायचं तेव्हा येत नाही आणि येतं तेव्हा आवरत नाही, हे तिथलं खरं दुखणं.

सरोवरात कुरी जातीच्या गाई आहेत. शिंगं बुडाशी फुगलेली, पण वजनाला हलकी. चारा संपला की त्या एका बेटावरून दुसऱ्या बेटावर पोहत जातात!

लोकांचं जेवण ज्वारी-बाजरी. पिठाचा घट्ट गोळा शिजवून भेंडीच्या कालवणाबरोबर खातात. पुराचं पाणी ओसरलं की काळ्या जमिनीत ज्वारीची रोपं लावतात. पुढे पाऊस नाही, ओलीवरच पीक येतं. आपली रब्बीची ज्वारीही ओलीवरच येते, पण आपण पेरतो, ते भातासारखी लावणी करतात.

उत्तरेकडे उंट व गुरं राखणारे, बहुतेक मुसलमान. दक्षिणेत शेतकरी, त्यांत ख्रिस्ती पुष्कळ. भाषा शंभराच्या वर. गुरं पिकात शिरली की भांडणं होतात, कधी माणसंही मरतात. शिवाय सुदानमधल्या लढाईमुळे २०२३पासून लाखो निर्वासित पूर्वेकडच्या ओसाड भागात येऊन राहिले. स्वतःच्याच घरात दाणा कमी, तरी दार उघडं ठेवलं.

कापूस, डिंक, गुरं ही जुनी मिळकत. २००३ साली खनिज तेल निघू लागलं. १,००० किलोमीटरहून लांब नळातून ते कॅमेरूनच्या किनाऱ्याला जातं. तेल गेलं, पैसा आला, पण खेड्यात फारसा पोचला नाही. पुष्कळ गावांत शाळेला सरकारी शिक्षक मिळत नाही. तिथे पालकच वर्गणी काढतात आणि गावातल्याच एखाद्या शिकलेल्या माणसाला मास्तर म्हणून नेमतात.