पुस्तक कसे वाटले?

एखादे पुस्तक वाचून संपले, की शेजारचा मित्र विचारतो, "कसे आहे पुस्तक?" आपण म्हणतो, "छान आहे." बोलणे तिथेच थांबते. विचारणाऱ्याला काहीच कळलेले नसते. ते पुस्तक वाचावे की वाचू नये, हे ठरवायला 'छान' या शब्दाचा काहीही उपयोग होत नाही. काही जण याच्या अगदी उलट करतात. ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळी गोष्ट सांगत सुटतात. ऐकणाऱ्याला गोष्ट कळते. पण सांगणाऱ्याला ती कशी वाटली, हे कळतच नाही.

उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत 'खुलासा' हा शब्द आहे. तो मूळचा अरबी; पण दोन्हीकडे त्याचा अर्थ वेगळा झाला. उर्दूच्या तासाला धड्याचा खुलासा लिहा म्हटले, की तुम्ही धड्याचा सारांश लिहिता. मराठीत खुलासा करा म्हटले, की कारण सांगायचे असते, उलगडून दाखवायचे असते. या एका शब्दामुळे मराठीच्या तासाला कधी कधी गोंधळ होतो. आपल्या विषयाला मात्र ही जोडी फार सोयीची आहे. पुस्तकाबद्दल बोलताना उर्दूतला खुलासा दोन-तीन वाक्यांत आटोपावा आणि मराठीतला खुलासा सावकाश करावा.

हे उदाहरणाने पाहू. उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले घेऊ. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे साने गुरुजी, यांचा जन्म १८९९ साली दापोली तालुक्यातील पालगड या गावी झाला. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात असताना त्यांनी 'श्यामची आई' लिहायला घेतले. १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. आश्रमातील मित्र रात्री एकत्र बसतात आणि श्याम त्यांना आपल्या आईच्या आठवणी सांगतो, अशी या पुस्तकाची रचना आहे. म्हणून त्यातील प्रकरणांना 'रात्री' म्हटले आहे. अशा बेचाळीस रात्री आहेत. (याच साने गुरुजींनी 'इस्लामी संस्कृती' नावाचे पुस्तकही लिहिले आहे, हे तुमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.) आपला सारांश झाला. आता मत.

समजा, वर्गातील एक मुलगी म्हणाली, "मला हे पुस्तक आवडले, कारण त्यात आईचे प्रेम दाखवले आहे." हे वाक्य चुकीचे नाही. पण पुस्तक न उघडताही ते बोलता येते, कारण नावातच आई आहे. तिला विचारावे, "कोणत्या रात्री?" मग ती कदाचित पोहण्याचा प्रसंग सांगेल. श्यामला पाण्याची भीती वाटते. गावातील मुले विहिरीत पोहायला जातात आणि हा घरात लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, मारते आणि विहिरीवर पाठवते. तो पोहायला लागतो. नंतर आई त्याला जवळ घेऊन आपण असे का केले, ते समजावते. लोकांनी आपल्या मुलाला भित्रा म्हणू नये, हे तिच्या मनात असते.

आता खरे बोलणे सुरू होते. एक मुलगा म्हणेल, "मला हा प्रसंग आवडला नाही. भ्यालेल्या मुलाला मारणे योग्य नाही. भीती माराने जात नाही, ती आत दडून बसते." दुसरी मुलगी म्हणेल, "पण ती त्याला एकटा सोडत नाही. विहिरीवर पोहणारी माणसे आहेत, हे तिला माहीत आहे. समुद्राच्या आणि खाड्यांच्या या मुलुखात मुलाला पोहता आले नाही, तर ते घातकच." दोघांनीही तेच पान वाचले आहे. पुस्तक दोघांनाही आवडलेले असू शकते. तरी मते वेगळी आहेत आणि दोन्हींच्या मागे कारण आहे. शिक्षकांनी यात लगेच निकाल देऊ नये, असे मला वाटते. ऐकणारी मुले घरी जाऊन ते प्रकरण स्वतः उघडतील, ते जास्त बरे.

ओले तळवे मातीत भरू नयेत म्हणून श्याम आईला पदर पसरायला सांगतो, तो प्रसंग पुष्कळांना आठवतो. पण त्यावर सगळे एकसारखेच बोलतात. ज्या पानावर वाचणाऱ्यांचे पटत नाही, ते पान चर्चेला अधिक चांगले.

आता तुमच्याजवळ असलेली एक गोष्ट सांगतो. तुम्ही उर्दूत प्रेमचंदांची 'ईदगाह' वाचलेली असते. लहानगा हमीद ईदच्या जत्रेत जातो. त्याच्याजवळ तीनच पैसे. बाकीची मुले मातीची खेळणी आणि मिठाई घेतात. हमीद दादी अमीनासाठी लोखंडी चिमटा घेतो, कारण भाकरी तव्यावरून काढताना तिची बोटे भाजतात. ही गोष्ट मनात असलेला विद्यार्थी 'श्यामची आई' वाचतो, तेव्हा त्याला काही निराळे दिसते. श्यामला चांगले काय आणि वाईट काय, हे आई पदोपदी सांगते. हमीदला चिमटा घे, असे कोणीच सांगत नाही. घरची गरिबी दोन्हीकडे आहे. एकीकडे ती आईच्या तोंडून शिकवण बनून येते, दुसरीकडे ती मुलाच्या हाताने चिमटा विकत घेते. या तुलनेवरून एखादा म्हणेल, "श्यामच्या गोष्टीत उपदेश थोडा जास्त झाला आहे." हेही मत झाले. ते प्रसिद्ध पुस्तकाविरुद्ध आहे म्हणून घाबरायचे कारण नाही. फक्त उपदेश कुठे जास्त वाटला, ते पान दाखवता आले पाहिजे.

अशी तुलना सुचायला दोन भाषांचे वाचन हवे. रत्नागिरीत पुष्कळ मुलांच्या घरी कोकणी बोलतात, शाळेत उर्दू शिकतात आणि बाजारात व एस.टी.त मराठी बोलतात. तरीही मराठीत मत सांगायची वेळ आली, की ही मुले गप्प बसतात. क्रियापद चुकेल, 'ती पुस्तक' की 'ते पुस्तक' हे आठवणार नाही, कोणी हसेल, अशी धास्ती असते. लिंग चुकले तर शिक्षक दुरुस्त करून देतील. पण हमीदचा चिमटा श्यामच्या गोष्टीशेजारी ठेवणारा विचार गप्प राहिला, तर तो दुसऱ्या कोणाकडून वर्गाला मिळेलच असे नाही. उर्दूत ज्याला 'तबसिरा' म्हणतात, त्याला मराठीत 'परीक्षण' म्हणतात, आणि थोडक्यात दिलेल्या मताला 'अभिप्राय'. नावे बदलली तरी काम तेच आहे. कागद, कलम, दौत, शाई हे लिहिण्याचे सामानही मराठीने फारसी-अरबीकडूनच घेतले आहे.

पुस्तकांवर बोलायला रत्नागिरीसारखे गाव नाही. येथील नगर वाचनालय १८२८ साली सुरू झाले. बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' हे पहिले मराठी वृत्तपत्र काढले ते १८३२ साली. म्हणजे मराठीत वर्तमानपत्र नव्हते, तेव्हाही या गावात वाचनालय होते. वाचनालयात पुस्तकाची देवघेव करताना "हे कसे आहे हो?" असा प्रश्न कानावर पडतोच. त्याचे उत्तर कसे मिळते, त्यावर ते पुस्तक कोणाच्या पिशवीत जाते आणि कोणते फळीवर राहते, हे ठरते.

आपल्या गावावर लिहिलेले पुस्तक असेल, तर आपल्या मताला आणखी वजन येते. ब्रह्मदेशाचा म्हणजे आजच्या म्यानमारचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले आणि १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवले. १९१६ साली तो येथेच वारला. त्याचा राजवाडा तुम्ही पाहिला आहे. अमिताव घोष यांची 'द ग्लास पॅलेस' ही इंग्रजी कादंबरी २००० साली आली. तिचा बराच भाग रत्नागिरीत घडतो. इथला पाऊस, इथला समुद्र लेखकाला साधला आहे का, हे दिल्लीच्या वाचकापेक्षा रत्नागिरीचा वाचक चांगले सांगेल. पण एक सांभाळावे. राजा थिबा आणि राणी सुपयालत ही खरी माणसे. कादंबरीतला कलेक्टर आणि त्याची पत्नी उमा ही लेखकाने कल्पिलेली. "असा कलेक्टर येथे नव्हताच" ही तक्रार इतिहासाच्या पुस्तकाला शोभते, कादंबरीला नाही.

पुस्तक आवडले नाही, तर तसे सांगावे. अर्धेच वाचले असेल, तर अर्धेच वाचले हेही सांगावे. कितव्या पानावर कंटाळा आला, ही माहितीसुद्धा ऐकणाऱ्याच्या उपयोगाची असते. रहस्यकथेचा शेवट मात्र फोडू नये.

मते टिपून ठेवायला एक साधी वही पुरते. पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव, वाचून संपल्याची तारीख, आणि मनात राहिलेल्या एका पानाविषयी चार-पाच ओळी. आज आठवीत 'श्यामची आई' वाचणारा मुलगा स्वतःला श्यामच्या जागी ठेवतो. तेच पुस्तक आणखी दहा वर्षांनी उघडले, तर पोहण्याचा तोच प्रसंग त्याला आईच्या बाजूने दिसू शकतो. तेव्हा वहीतले जुने मत खोडू नये. त्याच्याखाली नवी तारीख घालून नवे मत लिहावे.