फेरिस्त हरवली, दप्तर शाबूत
(लेखांक सहावा)

रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यांतील जांभ्याच्या सड्यांवर कोरलेल्या कातळशिल्पांपैकी उक्षी, जांभरूण, काशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे या स्थळांचा समावेश २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसा-यादीत झाला, त्यामागे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे सडे तुडवून केलेली शोधयात्रा आणि चिकाटीची नोंदणी आहे. अशा नोंदणीत छायाचित्राचे मोल किती, हे सडा पाहिलेल्या मनुष्यास सांगावे लागत नाही. पावसाळ्यात आकृतींवर गवत माजते, शेजारी चिरेखाण सुरू झाली तर ती रेषा मूळ जागी राहील याची शाश्वती उरत नाही, आणि मग उन्हाने तापलेल्या कातळावर टिपलेले छायाचित्र हाच तिचा एकमेव दाखला ठरू शकतो. तो दाखला आज नखाएवढ्या मेमरी कार्डात वसतो. आणि घरी येऊन कार्ड संगणकास लावावे तो ‘वापरण्यापूर्वी ही डिस्क फॉरमॅट करा’ अशी सूचना पडद्यावर उमटावी, हा प्रसंग सड्यावर हिंडणाऱ्या अभ्यासकावर, शिमग्याची पालखी चित्रित करणाऱ्या तरुणावर किंवा लग्नसराईत राबणाऱ्या छायाचित्रकारावर केव्हाही ओढवू शकतो.

अशा वेळी नेमके काय नष्ट झालेले असते? पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत, आणि कोणत्या रुमालात काय आहे हे फेरिस्तेवरून कळते. फेरिस्त फाटली म्हणून रुमाल जळत नाहीत, मात्र हवा तो कागद हाती लागणे दुर्घट होते. ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांवर सामान्यतः चालणाऱ्या फॅट३२ पद्धतीत ही फेरिस्त म्हणजे फाइलींच्या नावांची नोंदवही आणि फाइल अलोकेशन टेबल नावाचा तक्ता होय. फाइल पुसण्याचा हुकूम मिळताच यंत्र त्या नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी ‘ई५’ ही खूण मांडते आणि तिने व्यापलेली जागा तक्त्यात मोकळी दाखवते; प्रत्यक्ष मजकुराला, त्यावर नवा मजकूर पडेपर्यंत, बहुधा धक्का लागत नाही. ‘क्विक फॉरमॅट’ही प्रायः एवढेच करतो, की जुनी फेरिस्त बाद ठरवून कोरी मांडतो. लिहिणे चालू असतानाच कार्ड उपटल्याने, किंवा कॅमेऱ्याची बॅटरी मध्येच संपल्याने, ही फेरिस्त अर्धवट राहते, आणि पडद्यावरील त्या सूचनेचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच असतो की यंत्राला फेरिस्त वाचता आली नाही.

म्हणूनच पहिले पथ्य असे, की त्या क्षणापासून कार्डावर एक अक्षरही नवे लिहू नये. कार्ड कॅमेऱ्यातून काढावे, मोठ्या एसडी कार्डाच्या कडेची कळ ‘लॉक’कडे सरकवावी, आणि फॉरमॅटची सूचना नाकारावी. विंडोजमधील ‘चेकडिस्क’ ही आज्ञा अनेकजण उतावीळपणे प्रथमच चालवतात, हे मला फार घातक वाटते. कारण दुरुस्तीची मुभा दिली की ती त्याच कार्डावर फेरफार करते आणि सापडलेले तुकडे ‘फाउंड.०००’ नामक फोल्डरात ‘सीएचके’ उपनावाने टाकते. तिचे स्थान प्रतिलिपी घेतल्यानंतरचे आहे, आधीचे नव्हे.

प्रतिलिपी म्हणजे संपूर्ण कार्डाची, मोकळ्या दिसणाऱ्या जागेसकट, दुसऱ्या डिस्कवर उतरवलेली जशीच्या तशी नक्कल, ज्यास ‘इमेज’ म्हणतात. ‘डीडीरेस्क्यू’ हा मुक्त प्रोग्राम प्रथम सुस्थितीतील भाग वाचून घेतो आणि बिघडलेल्या भागांकडे मागाहून पुन्हापुन्हा वळतो, त्यामुळे मरणपंथाला लागलेल्या कार्डाकडून जे मिळण्यासारखे आहे ते आधी पदरात पडते. पुढील सारे प्रयोग या नकलेवर करावेत. फेरिस्त डागडुजी करण्याजोगी असेल तर क्रिस्तॉफ ग्रेनिए यांचा ‘टेस्टडिस्क’ उपयोगी पडतो. ती पार गेली असेल तर त्यांचाच ‘फोटोरेक’ फेरिस्तेकडे पाहतच नाही, कार्डाचा कण अन् कण चाळत जातो, आणि जेपीईजी छायाचित्राचा आरंभ ‘एफएफ डी८ एफएफ’ या बाइटांनी होतो या खुणेवरून छायाचित्रे वेचून काढतो. दोन्ही प्रोग्राम विनामूल्य आहेत. या मार्गाने मिळालेल्या फाइलींची मूळ नावे जातात. परंतु छायाचित्राच्या पोटात नोंदलेली तारीख, वेळ आणि, कॅमेऱ्याने टिपले असल्यास, अक्षांश-रेखांश टिकून राहतात, आणि कातळशिल्पाच्या अभ्यासकास नावापेक्षा हीच माहिती अधिक मोलाची असते. तुकड्यातुकड्यांत विखुरलेल्या लांबलचक चित्रफिती मात्र या रीतीने क्वचितच अखंड मिळतात.

पेन ड्राइव्हमधील सर्व फाइलींच्या जागी केवळ ‘शॉर्टकट’ दिसू लागले, तर तो झेरॉक्सच्या दुकानातून आलेल्या व्हायरसचा खेळ असण्याचा संभव मोठा. त्यावर टिचकी मारू नये. मूळ फाइली सहसा लपवलेल्या असतात आणि ‘अॅट्रिब’ आज्ञेने पुन्हा दृश्य होतात.

कोकणच्या हवेचाही विचार करावयास हवा. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले, तेव्हासारख्या चिखलपाण्यातून निघालेले कार्ड मेले असे समजून फेकू नये. आतील चिप राळेत बंदिस्त असते, आणि पाण्याहून अधिक अपाय ओलसर कार्डात वीज सोडल्याने होतो. ते स्वच्छ पाण्याने हलकेच धुवावे, सावलीत काही दिवस पूर्ण वाळू द्यावे, मगच संगणकास लावावे. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने सोनेरी संपर्कपट्ट्यांवर चढलेला मळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसताच कार्ड वाचले जाऊ लागते, असेही घडते. चिपवर नियंत्रण ठेवणारा कंट्रोलरच जळाला असेल, तर घरगुती उपाय थांबवून प्रयोगशाळेकडे जावे.

एका प्रकारात मात्र कोणाचाही इलाज चालत नाही. स्वस्तात मिळणाऱ्या बनावट कार्डावर ६४ जीबी छापलेले असते, आत चिप ८ जीबीची असते, आणि कंट्रोलर संगणकास खोटा आकडा सांगतो. त्यामुळे मर्यादा ओलांडल्यावर टिपलेली छायाचित्रे एक तर जुन्यांवर लिहिली जातात, नाही तर कोठेच लिहिली जात नाहीत, आणि फेरिस्तेत मात्र त्यांची नावे डौलाने झळकत राहतात. ‘एफ३’ किंवा ‘एच२टेस्टडब्ल्यू’ हे प्रोग्राम अशा कार्डाची लबाडी उघडी पाडतात. ते सारी जागा लिहून भरतात आणि लिहिलेले पुन्हा वाचून ताडून पाहतात, म्हणून ही परीक्षा कार्ड विकत घेतल्या दिवशी, ते कोरे असतानाच उरकावी.